१५९ सेंटिमीटरची लिफ्टर : वाचकांचे प्रश्न

जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघाची माजी सेटर ताकेशिता योशिए हिच्याबद्दल या वेळी बरीच पत्रे आली आहेत. काही पालकांची, काही क्रीडाशिक्षकांची, दोन-तीन खुद्द खेळणाऱ्या मुलींची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. सेटरला, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूला, आपल्या मैदानांवर सर्रास लिफ्टर म्हणतात, म्हणून इथेही बहुतेक ठिकाणी तोच शब्द ठेवला आहे.

मुलगी नववीत आहे, उंची १५२ सेंटिमीटर. शाळेच्या संघात ती लिफ्टर म्हणून खेळते. एका निवड चाचणीत ‘या उंचीला लिबेरोच व्हायचं’ असं सांगून तिला परत पाठवलं. ताकेशिताची उंची खरंच इतकी कमी होती का? तिलाही असं कुणी म्हटलं होतं का?
– एक पालक, सांगली

हो, उंची १५९ सेंटिमीटरच. म्हणजे पाच फूट पावणेतीन इंचांच्या आत. आणि म्हटलं होतं का विचाराल, तर एकट्या-दुकट्याने नाही, अख्ख्या देशाने म्हटलं होतं.

तिचा जन्म १८ मार्च १९७८ चा, क्यूशू बेटावरच्या किताक्यूशू शहरातला. १९९६ मध्ये ती एनईसी कंपनीच्या संघात आली. जपानमध्ये वरच्या पातळीचे बहुतेक संघ कंपन्यांचेच असायचे, त्यांतलाच हा एक. राष्ट्रीय संघाची लिफ्टर म्हणून जून २००० मध्ये ती सिडनी ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत खेळली. स्पर्धा तोक्योत, घरच्या प्रेक्षकांसमोर होती, आणि जपान पात्र ठरू शकला नाही. १९६४ मध्ये तोक्योतच महिला व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आले आणि पहिले सुवर्ण जपाननेच जिंकले. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये पुन्हा सुवर्ण. १९८० च्या बहिष्काराचा अपवाद सोडला तर जपानच्या मुली एकाही ऑलिंपिकला चुकल्या नव्हत्या. ती परंपरा तुटली तेव्हा बोट दाखवायला सर्वांत सोपी जागा म्हणजे जाळ्यापाशी उभी असलेली २२ वर्षांची, १५९ सेंटिमीटरची मुलगी. ‘इतकी बुटकी लिफ्टर ठेवली म्हणून हरलो’ ही टीका तिने पुढे कित्येक वर्षे ऐकली.

२००२ मध्ये तिने एनईसी सोडले आणि खेळही सोडला. पण त्याच वर्षी जेटी कंपनीच्या संघाने तिला परत आणले. हा संघ त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत होता. देशाची माजी लिफ्टर खालच्या श्रेणीत खेळायला तयार झाली, इथपासून तिची दुसरी खेळी सुरू होते. २००३ मध्ये यानागिमोतो शोइची राष्ट्रीय प्रशिक्षक झाले आणि त्यांनी तिलाच लिफ्टर नेमले. २००४ अथेन्स आणि २००८ बीजिंग, दोन्ही वेळा जपान उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. २०१० च्या जागतिक स्पर्धेत कांस्य आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्य. हे ऑलिंपिक पदक तब्बल २८ वर्षांनी आले, १९८४ च्या लॉस एंजेलिसनंतर थेट तेव्हा. त्या वेळी ती ३४ वर्षांची होती.

तुमच्या मुलीबद्दल एवढेच सांगू की लिबेरोची, म्हणजे फक्त मागच्या ओळीत बचाव करणारीची, जागा कमी प्रतीची नाही. लंडनच्या जपानी संघातली लिबेरो सानो युकोसुद्धा १५९ सेंटिमीटरचीच होती आणि राखीव लिफ्टर नाकामिची हितोमीही तेवढीच. बारा जणींत तिघी. पण जी मुलगी लिफ्टर आहे तिची परीक्षा लिफ्टर म्हणूनच व्हायला हवी: पन्नास पासपैकी (बचाव करणारीने लिफ्टरकडे पाठवलेल्या चेंडूंपैकी) किती पासखाली तिचे पाय वेळेत पोचतात आणि त्यातले किती चेंडू स्मॅश मारणारीच्या हाताला बरोबर लागतात. हे मोजायला वही-पेन पुरते. निवड करणाऱ्यांनी टेपने उंची मोजून काम संपवले असेल तर त्यांनी लिफ्टरची चाचणी घेतलेलीच नाही.

समोरच्या संघाने कायम तिच्याच डोक्यावरून स्मॅश मारला असेल ना? बुटक्या लिफ्टरचा ब्लॉक (जाळ्यापाशी उडी मारून हातांनी स्मॅश अडवणे) ही उघडी खिडकी आहे. आमच्या संघात तीच अडचण आहे. जपानने हे कसे निभावले?
– क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा

तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि ही अडचण गोड बोलून नाहीशी होत नाही. महिलांचे जाळे २.२४ मीटरवर असते. १५९ सेंटिमीटरच्या खेळाडूचा हात उभ्याने साधारण २.०५ मीटरपर्यंत जातो. म्हणजे बोटांची टोके जाळ्याच्या कडेला टेकवायलाच तिला वीसेक सेंटिमीटर उडी लागते. समोर तीन मीटरच्या आसपास चेंडू मारणारी असेल तर तिच्यासाठी हा ब्लॉक नसल्यातच जमा. त्यात लिफ्टर पुढच्या ओळीत असते तेव्हा ती उजव्या कडेला, म्हणजे २ नंबरच्या जागी, ब्लॉक करते. तिच्या बरोबर समोर येते प्रतिस्पर्ध्यांची ४ नंबरची, डाव्या कडेची स्मॅशर, जिला सर्वांत जास्त चेंडू मिळतात. दुखणे नेमके तिथेच आहे.

उपाय तीन पातळ्यांवर करतात. शाळेच्या संघालाही तिन्ही जमतील.

पहिला उपाय कागदावरचा. सेट सुरू करताना लिफ्टरला १ नंबरला, मागे उजवीकडे उभे करा. खेळाडू घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, त्यामुळे ती १, मग ६, मग ५ अशा पहिल्या तीन फेऱ्या मागच्या ओळीत काढते. मागची लिफ्टर ब्लॉक करूच शकत नाही, नियमच आहे, तेव्हा खिडकीचा प्रश्नच येत नाही. शिवाय पुढे तीन स्मॅशर मिळतात. ती पुढे आली की दोनच उरतात. याच्या पुढची पायरी बहुतेक शिक्षक विसरतात. प्रतिस्पर्ध्यांची मुख्य स्मॅशर पहिल्या सेटमध्ये कुठून सुरुवात करते ते टिपून ठेवा. दोन्ही संघ आलटून-पालटून फिरत असल्याने दोघांमधले अंतर सेटभर जवळपास तेच राहते, जास्तीत जास्त एका घराचा फरक पडतो. मग पुढच्या सेटला आपली मांडणी अशी फिरवा की आपली लिफ्टर पुढे असेल तेव्हा त्यांची मुख्य स्मॅशर मागे असेल. अर्थात त्यांनीही मांडणी बदलली तर गणित चुकते, म्हणून सेटच्या मांडणीची चिठ्ठी देण्याआधी त्यांच्या प्रशिक्षकाच्या सवयी पाहून ठेवाव्या लागतात.

दुसरा उपाय बदलीचा. लिफ्टर पुढे ४ नंबरला आली की तिच्या कर्णावरची खेळाडू मागे १ नंबरला असते. त्या क्षणी दोघी एकदम बदलायच्या: लिफ्टरच्या जागी उंच स्मॅशर आणि मागच्या खेळाडूच्या जागी राखीव लिफ्टर. तीन फेऱ्या झाल्या की उलट बदल. यात चार बदल्या खर्च होतात. एका सेटला सहाच मिळतात आणि बाहेर गेलेली मूळ खेळाडू एकदाच, आणि तीही तिच्या जागी आलेल्या खेळाडूच्याच ठिकाणी परत येऊ शकते. म्हणून हा डाव सेटमध्ये एकदाच चालतो. पाच-पाच गुणांवर घाईने वापरून टाकला तर २०-२० ला हात रिकामे राहतात.

तिसरा उपाय मागच्या बचावाचा, आणि जपानचे खरे बळ इथे होते. ब्लॉक कमी उंचीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर चेंडू कुठून येणार हेही ठाऊक असते. बुटक्या ब्लॉकवरून मारलेला स्मॅश उतारावर येत नाही, तो लांब, मागच्या रेषेकडे जातो. म्हणून रेषेवरची बचाव करणारी नेहमीपेक्षा एक-दीड मीटर मागे उभी करायची. मधल्या उंच ब्लॉकरने लिफ्टरला खेटून यायचे आणि तिरका मार्ग बंद करायचा. लिफ्टरने उडी मारताना हात आडवे पसरायचे नाहीत. दोन्ही हात सरळ वर, तळवे किंचित मागे झुकलेले, म्हणजे चेंडू हाताला चाटून वेग कमी होऊन आपल्याच मागे पडतो. हात पुढे ढकलले की चेंडू आदळून बाजूला मैदानाबाहेर जातो आणि गुण गेला. बुटक्या ब्लॉकरकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच: उंची भरून काढायच्या धडपडीत हात जाळ्याला लागतात किंवा बाहेरच्या बाजूला वळतात.

अजून एक गोष्ट पास देणाऱ्यांची. उंच लिफ्टर जाळ्याला चिकटलेला पाससुद्धा एका हाताने वाचवते. बुटक्या लिफ्टरसाठी तोच पास समोरच्या ब्लॉकरच्या घशात जातो. म्हणून पासचे लक्ष्य जाळ्यापासून १ ते दीड मीटर आत, उजव्या कडेपासून सुमारे तीन मीटरवर ठेवा. तिथे जमिनीवर खडूने एक मीटरचा गोल काढा आणि सराव तिथेच होऊ द्या.

उडी मारून लिफ्ट देण्याचा एवढा आग्रह कशासाठी? ती बुटकी होती म्हणून उडी मारत असे, की त्याचा आणखी काही फायदा आहे?
– महाविद्यालयीन खेळाडू, कोल्हापूर

फायदा वेळेचा आहे, आणि तो आकड्यांत दाखवता येतो. जमिनीवर उभी राहून १.८ मीटरवर चेंडू घेतला आणि पाच मीटर उंचीचा लिफ्ट दिला, तर तो २.७ मीटरवर स्मॅशला येईपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो. तेवढ्यात दोन ब्लॉकर चालतसुद्धा पोचतात. उडी मारून २.२ मीटरवर घेतला आणि कमाल उंची ३.२ मीटर ठेवली, तर तोच चेंडू पाऊण सेकंदात मारायच्या उंचीवर येतो.

त्यात निव्वळ उडीचा वाटा किती? चार मीटरवरून खाली येणारा पास ४० सेंटिमीटर वरच पकडला म्हणजे तो खाली यायची ०.०६ सेकंद वाचली आणि पुन्हा वर जायची ०.०८ सेकंद. मिळून जवळजवळ ०.१५ सेकंद. ऐकायला किरकोळ वाटते, पण मधल्या ब्लॉकरला कडेला जायला दोनच पावले लागतात आणि त्यातले अर्धे पाऊल इथे हुकते. अर्धे पाऊल हुकले की दोन ब्लॉकर्सच्या हातांमध्ये फट राहते. जपानच्या किमुरा साओरीसारखी स्मॅशर त्या फटीची वाट पाहत असते.

जपानी संघांनी जलद चेंडूंना ए, बी, सी, डी अशी सुटसुटीत नावे दिली आहेत. ए म्हणजे लिफ्टरच्या अगदी पुढ्यात, हाताच्या अंतरावर. बी म्हणजे पुढे पण दोनेक मीटर लांब. सी डोक्यामागे जवळ, डी डोक्यामागे लांब. चारही चेंडू एकाच उभे राहण्यातून, एकाच हातांच्या ठेवणीतून निघायला हवेत. मागे देताना पाठ आधी वाकली किंवा नजर वर गेली की समोरची मधली ब्लॉकर निघालीच म्हणून समजा. ताकेशिताच्या खेळाच्या चित्रफिती पाहताना चेंडूकडे बघू नका, तिच्या कमरेकडे बघा. चेंडू सुटेपर्यंत ती कुठल्याच बाजूला वळत नाही.

२००६ च्या जागतिक स्पर्धेत जपान सहावा आला आणि सर्वोत्तम खेळाडू मात्र ताकेशिता. यजमान म्हणून मिळालेली भेट होती का ती?
– एक वाचक, ठाणे

स्पर्धा जपानमध्येच होती, त्यामुळे शंका येणे साहजिक आहे. रशिया विजेता, ब्राझील दुसरा, सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो तिसरा. सहाव्या क्रमांकाच्या संघातली खेळाडू सर्वोत्तम ठरणे विरळाच. पण आमच्या मते तो सन्मान चुकीचा नव्हता. स्मॅशरचे काम गुणफलकावर दिसते, लिफ्टरचे दिसत नाही. त्या जपानी संघाकडे समोरच्यांना उंचीने दडपणारी एकही फळी नव्हती. तरीही त्यांचे चेंडू एकेकट्या ब्लॉकरसमोर पडत होते ते कुणीतरी तसे पाडत होते म्हणून. जपानमध्ये तिला ‘जगातली सर्वांत लहान आणि सर्वांत भक्कम सेटर’ म्हणतात. सहा वर्षांपूर्वी ज्या उंचीवरून तिला बोल लावले, तीच उंची त्या बिरुदात मिरवली जाते.

घरी भिंतीवर सराव करते. चेंडू हातातून सुटताना फिरतो आणि पंच ‘डबल’ देतात. काय चुकतंय? रोज किती वेळ करावा?
– इयत्ता दहावी, अहिल्यानगर

चेंडू फिरतो म्हणजे दोन्ही हात एका वेळी, सारख्या जोराने लागत नाहीत, म्हणून पंच ‘डबल’, म्हणजे दोनदा स्पर्श, धरतात. कारणे बहुधा चारच असतात.

सगळ्यात आधी चेंडू तपास. नियमाचा चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा, घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर, हवेचा दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. शाळेतले चेंडू बहुतेक वेळा सायकलच्या पंपाने दगडासारखे कडक केलेले असतात. असा चेंडू बोटांत बसतच नाही, टणकन उडतो. अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जायला हवा.

दुसरे, हातांची ठेवण. कपाळाच्या वर, वीतभर अंतरावर, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या मिळून त्रिकोण दिसला पाहिजे. अंगठे तुझ्या डोळ्यांकडे वळलेले, समोर रोखलेले नव्हेत. समोर रोखले की चेंडू अंगठ्यावर आदळतो आणि अंगठा मुरगळतो तो असाच. भार अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर. अनामिका आणि करंगळी कडेने दिशा धरतात. तळवा चेंडूला लागता कामा नये. लागला की ‘थप्’ असा आवाज येतो. बरोबर लिफ्टचा आवाज जवळजवळ येतच नाही.

तिसरे, कोपरे. एक कोपर बाहेर आणि एक आत असेल तर चेंडू फिरणारच. आरशासमोर चेंडू धरून एकदा बघून घे.

चौथे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे पाय. चेंडूखाली पोचायला उशीर झाला की हात बाजूला जातात आणि मग हाताला दोष मिळतो. चेंडू नेहमी कपाळासमोर यावा, कानाच्या रेषेत नाही. उजवा पाय अर्धे पाऊल पुढे ठेवून थांबायचे, मग चेंडू घ्यायचा. थांबल्याशिवाय घ्यायचा नाही.

रोज वीस मिनिटे पुरतात, पण अशी वाटून घे. पहिली चार मिनिटे जमिनीवर पाठीवर झोपून चेंडू सरळ वर, हातभर उंच, तीस-तीसचे दोन डाव. झोपल्यावर पायांची लबाडी करता येत नाही, फक्त बोटे काम करतात. चेंडू चेहऱ्यावर पडला तर हात असमान आहेत. पुढची सहा मिनिटे भिंत. जमिनीपासून तीन मीटरवर खडूची रेघ, तू भिंतीपासून दीड मीटरवर. रेघेच्या वर पन्नास लिफ्ट, मग चार मीटरवर जाऊन तीस. चेंडूवरच्या शिवणी बघत राहा: त्या स्पष्ट दिसल्या तर चेंडू फिरत नाही. त्यानंतर सहा मिनिटे पायांची: चेंडू स्वतः वर टाकायचा, एक टप्पा पडू द्यायचा, धावत त्याखाली जाऊन थांबायचे आणि ठरलेल्या जागी ठेवलेल्या बादलीत तो टाकायचा. दहा उजवीकडून, दहा डावीकडून, दहा पुढून मागे जाऊन. शेवटची चार मिनिटे जोडीदार असेल तर निर्णयाची. चेंडू हवेत असताना जोडीदाराने एक हात वर करायचा, तू तो पाहून विरुद्ध बाजूला लिफ्ट द्यायचा. ब्लॉकर जिकडे, तिकडे चेंडू द्यायचा नाही, याची सवय इथूनच लागते. सुरुवातीला दहातले चार बरोबर आले तरी चालतील.

घाईने उडी मारून लिफ्ट द्यायला लागू नकोस. उभ्याने शंभरातले नव्वद चेंडू न फिरता जाईपर्यंत उडी नको. नाहीतर चूक उडीच्या आत लपून बसते आणि पुढे काढता येत नाही.

लंडनच्या कांस्यपदकाच्या सामन्यात दक्षिण कोरियाची किम येऑन-क्योंग समोर होती. ती आणि ताकेशिता एकाच संघात खेळल्या होत्या हे खरे का?
– एक वाचक, पणजी

खरे आहे. १९२ सेंटिमीटरची किम २००९ ते २०११ असे दोन हंगाम जेटीकडे होती आणि तिला चेंडू देत होती ताकेशिता. पहिल्या हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तोरे कंपनीच्या संघाकडून हरला. दुसऱ्या हंगामात जेटी गुणतक्त्यात सर्वांत वर असताना ११ मार्च २०११ चा मोठा भूकंप आणि त्सुनामी झाली. लीग तिथेच थांबवण्यात आली आणि पहिल्या क्रमांकावरच्या जेटीला विजेते ठरवले. अशा दिवसांत मिळालेल्या विजेतेपदाचा आनंद कुणाला मोकळेपणाने करता आला नसणार.

त्यानंतर पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट २०१२ ला, दोघी जाळ्याच्या दोन बाजूंना होत्या. जपान २५-२२, २६-२४, २५-२१ असा जिंकला. किम हरूनही ऑलिंपिकची सर्वोत्तम खेळाडू ठरली. ज्या स्मॅशरला दोन हंगाम रोज चेंडू दिले, तिला कुठला चेंडू आवडतो आणि अडचणीत ती कुठे मारते हे त्या लिफ्टरइतके कुणाला ठाऊक असणार?

त्या स्पर्धेतला जपानचा खरा कस मात्र चार दिवस आधी, चीनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात लागला होता. २८-२६, २३-२५, २५-२३, २३-२५, १८-१६. पाचही सेट दोन-दोन गुणांच्या फरकाने. एकूण गुण ११७ आणि ११५. किमुरा साओरी आणि एबाता युकिको या दोन कडेच्या स्मॅशर्सनी डोंगराएवढे चेंडू मारले. पाचव्या सेटमध्ये, सगळ्यांचे पाय जड झालेले असताना, लिफ्ट एका वितीनेही खाली न येऊ देणे याला काय लागते ते लिफ्टरच जाणे.

तिने लंडनमध्ये बोट मोडलेले असताना खेळल्याचे वाचले. आमच्या संघातल्या मुलीही बोट मुरगळले तरी ‘ताकेशिता खेळली होती’ म्हणून थांबत नाहीत. काय सांगावे?
– प्रशिक्षिका, नाशिक

वाचले ते खरे. ऑलिंपिक सुरू होण्याच्या तोंडावर सरावात तिच्या डाव्या तर्जनीचे हाड मोडले. बाहेर कुणाला कळू दिले नाही, बोटाला पट्टी बांधून ती खेळत राहिली आणि पदक मिळाल्यावरच ही गोष्ट उघड झाली. आधी कळले असते तर समोरच्यांनी सर्व्हिसपासूनच तिला घाईत टाकले असते. वर सांगितले तसे लिफ्टचा बराचसा भार तर्जनीवरच असतो. तेच बोट मोडलेले असताना चेंडू न फिरता जाणे म्हणजे उरलेल्या नऊ बोटांनी काम वाटून घेतलेले.

पण मुलींना ही गोष्ट पूर्ण सांगा. ती ३४ वर्षांची होती, हाडांची वाढ कधीच संपली होती, सोबत संघाचे वैद्यकीय पथक होते, आणि कारकिर्दीच्या शेवटच्या दोन आठवड्यांसाठी तिने तो धोका जाणूनबुजून पत्करला. पंधरा वर्षांच्या मुलीच्या बोटात हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग असतो. तिथे मार बसून तसाच राहिला तर बोट वाकडे होऊ शकते. तालुका स्पर्धेसाठी हे करू नये, जिल्हा स्पर्धेसाठीही नाही.

मैदानावर पहिली चूक होते ती अशी: बोट मुरगळले की कुणीतरी येऊन ते ओढते आणि ‘कट’ आवाज आला की बरे झाले म्हणते. हे सक्त बंद करा. हाडाला चीर असेल तर ओढल्याने ते सरकते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटे, हात छातीच्या वर, अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढून टाकायची. बोट वाकडे दिसत असेल, मुलीला ते पूर्ण मिटता-उघडता येत नसेल, हाडावर नेमक्या एका जागी दाबल्यावर कळ येत असेल किंवा बोटाचे टोक खाली लोंबत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे. टोक लोंबण्याची दुखापत चेंडू बोटाच्या टोकावर आदळल्याने होते, लिफ्टरला आणि ब्लॉकरला हमखास. दुखत फारसे नाही म्हणून दुर्लक्ष होते. तिला सहा ते आठ आठवडे बोट सरळ पट्टीत ठेवावे लागते आणि मध्ये एकदा जरी वाकले तरी मोजणी पहिल्यापासून.

डॉक्टरांनी निव्वळ मुरगळ आहे असे सांगितले तरच शेजारच्या बोटाला बांधून खेळवा. दोन बोटांच्या मध्ये कापसाचा पातळ थर, सांध्याच्या वर एक पट्टी, खाली एक, सांधा मोकळा. पट्टी बांधल्यावर नख दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले नाही तर पट्टी घट्ट आहे.

तिचे नाव काही ठिकाणी योशिए ताकेशिता असे येते. बरोबर कोणते? आणि आता ती काय करते?
– एक वाचक, पुणे

दोन्ही बरोबर. ताकेशिता हे आडनाव, योशिए हे नाव. जपानी पद्धतीत आडनाव आधी येते आणि या पानांवर तीच पद्धत ठेवली आहे. परदेशी स्पर्धांच्या याद्यांत क्रम उलटा दिसतो.

तिने २०१३ मध्ये निवृत्ती जाहीर केली. २०१६ मध्ये ह्योगो प्रांतातल्या हिमेजी शहरात व्हिक्टोरिना हिमेजी हा नवा महिला संघ उभा राहिला आणि त्याची पहिली मुख्य प्रशिक्षक म्हणून तिची निवड झाली. हा संघ उभारण्यात लंडनचे प्रशिक्षक मानाबे मासायोशी यांचाही हात होता. ते स्वतः जपानचे लिफ्टर होते आणि लंडनमध्ये हातात आयपॅड घेऊन मैदानाकडेला उभे असलेले अनेकांना आठवत असतील. त्या पडद्यावर सामना चालू असतानाचे आकडे येत. ते पाहून ते सूचना देत, आणि पुढचा चेंडू कुणाला द्यायचा हे ताकेशिता ठरवत असे.